ओला कोळसा, कोरडा आकडा

३ सप्टेंबर

प्रिय आत्या,

आधी बातमी, मग खुशाली. नाहीतरी तू पत्राचा शेवट आधी वाचतेस, तेव्हा सगळं पहिल्याच ओळीत सांगून टाकते: माझा आलेख वरच्यांनी मंजूर केला! फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्या त्या कोळसा दळणाऱ्या गिरण्यांनी तुझे कान कामातून घालवलेत. मागच्या खेपेला मी अर्धा तास ओरडत होते, तर शेजारीण विचारायला आली की भांडण कुणाशी चाललंय.

आता नीट सांगते. तुला ठाऊकच आहे, आमच्या कार्यालयाचं काम म्हणजे देशभराचा धूर मोजणं. वीजकेंद्रांकडून आकडे येतात, आम्ही ते मांडतो. आणि गेली कित्येक वर्षं एकच रडगाणं: विजेची रेघ वर गेली की हरितगृह वायूंची रेघ तिचा पदर धरून वर जाते. दोघींची फारकत काही होत नाही. पण तुझ्या प्रयोगशाळेत ज्या तीन केंद्रांचा कोळसा तपासला जातो, तिथे ती झाली आहे! सहा वर्षांत तिथली वीज सातव्या हिश्शाने वाढली आणि वायू जागच्या जागी, उलट केसभर खालीच. मी तीनदा तपासलं, आलेखाची प्रत सोबत पाठवते आहे. साहेब खुर्चीतून उठून माझ्या टेबलापाशी आले, आणि आमचे साहेब आग लागली तरी खुर्चीतून उठत नाहीत.

वीस नोव्हेंबरला मोठी बैठक आहे. तिथे मी हा आलेख मांडणार. तुमच्या केंद्रात वीजनिर्मितीचा नवा संच उभारायची फाईल अडली आहे ना, तिच्या पहिल्या पानावर तो लागणार आहे, कारण वीज वाढवूनही वायू वाढत नाहीत याचा तो पुरावा. आणि सगळं नीट पार पडलं तर गटप्रमुख म्हणून माझं नाव जाईल.

एक गुपित. अहवालाच्या सुरुवातीला मी चार ओळी बाबांसाठी लिहिल्या आहेत. चौदा वर्षं त्यांनी ती प्रयोगशाळा सांभाळली, त्यांच्याच आकड्यांवर ही रेघ उभी आहे. त्यांना छापील प्रत हातात ठेवीन तेव्हाच कळायला हवं. तेव्हा तोंडाला कुलूप!

तुझीच,
पिटुकली


११ सप्टेंबर

प्रिय पिटुकले,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, दोन्ही वेळा पहिल्या ओळीपासून, तेव्हा माझी बदनामी थांबव. लॅबमध्ये सगळ्यांना दाखवलं. आमचा नमुने आणणारा तर म्हणाला, ताईंची भाची म्हणजे खरंच हुशार निघाली, जणू इतके दिवस त्याला शंका होती.

मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. तू सात वर्षांची असताना माझ्या स्टुलावर बसून तराजूत खोडरबर मोजायचीस. आता देश मोजतेस.

आत्या म्हणून कौतुक झालं, आता केमिस्ट म्हणून दोन गोष्टी. पहिली, धूर धूर करू नकोस. धूर दिसतो, हा वायू दिसत नाही, म्हणून तर तो मोजावा लागतो. दुसरी, तू कोळसा किती जळला ते पाहिलंस का? आलेखात वीज आहे, वायू आहेत, कोळशाची रेघ मला कुठे दिसली नाही. वीज वाढली तेव्हा कोळसा किती वाढला? सवडीने बघ. घाई नाही. म्हणजे आहे, पण तू दमू नकोस.

तुझे बाबा ठीक. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून दर गुरुवारी चालत लॅबमध्ये येतात, चहा पितात, आणि माझ्या मांडणीत चुका काढून जातात. निवृत्त झालेत हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. बाकी गुपित माझ्यापाशी सुरक्षित आहे.

आत्या


१६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

आली का तुझी खुसपटं! मला वाटलंच होतं. शाळेत पहिला नंबर आला तरी तू विचारायचीस, उरलेले दोन गुण कुठे गेले.

कोळसा पाहिला. तोही सातव्या हिश्शानेच वाढलाय, अगदी विजेबरोबर. पण वायूंचा हिशेब म्हणजे जळलेला कोळसा गुणिले त्यातला कार्बन, आणि तो कार्बन खाली आलाय ना! सहा वर्षांपूर्वी तुमचाच आकडा होता शेकडा बावन्न, त्यानंतर थेट पंचेचाळीस. त्याच वर्षी नव्या खाणीचा कोळसा सुरू झाला आणि त्याच वर्षी नवे बर्नर बसले. म्हणजे कोळसा कमी कार्बनचा, आणि बर्नर असे की कमी कार्बनातून तेवढीच उष्णता काढतात. सगळं कसं चपखल बसतं. साहेबांनाही पटलं.

तू निवृत्तीला दोन वर्षं उरली म्हणून हळवी झाली आहेस का? तुझ्या पत्रात आनंद आहे, पण तो जरा पाय ओढत चाललाय असं वाटलं. अगं, तुझंही नाव आहे त्या चार ओळींत. बाबांच्या खाली, पण आहे.

अहवाल महिनाअखेर छपाईला जाईल.

पिटुकली


१९ ऑक्टोबर

प्रिय पिटुकले,

महिनाभर उत्तर दिलं नाही. आजारी नव्हते, कामात नव्हते. भित्री होते. पाच पत्रं लिहून फाडली. हे सहावं लॅबमध्ये बसून लिहिते आहे, दुपारच्या सुट्टीत, आणि पाकीट बंद करून लगेच नमुनेवाल्याच्या हाती देणार आहे, म्हणजे परत फाडता येणार नाही.

तुझा आलेख चुकला आहे. तू चुकली नाहीस, तो चुकला आहे. नवी खाण नाही, नवे बर्नर नाहीत. बावन्नाचे पंचेचाळीस मी केले.

आमच्याकडे काम कसं चालतं ते आधी ऐक. वॅगनमधून कोळसा येतो तो ओला. वजनकाट्यावर शंभर किलो भरला तर त्यात तेरा किलो पाणी असतं. पट्ट्यावरून आम्ही नमुना घेतो, दळतो, ओव्हनमध्ये वाळवतो आणि मग तपासतो. वाळलेल्या नमुन्यात कार्बन निघतो शेकडा बावन्न. हा बावन्न लावायचा त्या कोरड्या सत्त्याऐंशी किलोला. दादा तो लावत होता पुऱ्या शंभराला. म्हणजे त्यातलं पाणीसुद्धा जळतंय असं धरत होता. चौदा वर्षं.

सहा वर्षांपूर्वी तो आजारी पडला आणि लॅब माझ्याकडे आली, तेव्हा पहिल्याच महिन्यात ते माझ्या लक्षात आलं. मी त्या महिन्यापासून पाणी वजा करून पंचेचाळीसचा आकडा पाठवायला लागले. तो बरोबर आहे, अजूनही बरोबर आहे. पण सोबत एक ओळ लिहून पाठवायची असते: अमुक तारखेपर्यंतचे आकडे चुकीचे होते. ती ओळ मी लिहिली नाही. दादाच्या छातीत नळ्या होत्या गं. चौकशी लागली असती, दोन माणसं हातात कागद घेऊन त्याच्या खाटेशी उभी राहिली असती. म्हटलं, बरा झाला की सांगू. तो बरा झाला. मग म्हटलं, जरा हिंडूफिरू दे. मग तो दर गुरुवारी चहाला येऊन, माझ्या वेळी असं नव्हतं, म्हणायला लागला आणि माझी जीभ रेटेना.

मला वाटलं होतं, एका लॅबचा आकडा, देशाच्या बेरजेत कुठे कळणार! त्यावर उद्या कुणी रेघ काढेल आणि ती रेघ काढणारी तू असशील, हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

सप्टेंबरात मी तुला कोळशाचं विचारलं ते याचसाठी. तुझं तुला सापडावं, मला सांगावं लागू नये. कमी कार्बनचा कोळसा असता तर तेवढ्याच विजेला तो जास्त लागला असता, पातळ दुधाचं जसं होतं तसं. जास्त लागला नाही, कारण कोळसा तोच आहे. तुला सापडलं नाही यात तुझा दोष नाही. माझ्यावर विश्वास ठेवलास एवढंच.

माझ्यावर चिडायचं तेवढं चीड. फक्त बैठकीत तो आलेख मांडू नकोस.

आत्या


२४ ऑक्टोबर

आत्या,

अहवाल छापून आला आहे. चारशे प्रती माझ्या टेबलाशेजारी रचून ठेवल्या आहेत. प्रत्येक प्रतीत त्या चार ओळी आहेत, बाबांच्या.

तू मला कोडी घालत बसलीस. अकरा सप्टेंबरला एक वाक्य लिहिलं असतंस तर पुरलं असतं. मला सगळ्यात जास्त राग त्या "दमू नकोस"चा येतोय.

आज एवढंच.


३० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

राग अजून आहे, पण आता त्याच्यासोबत जेवता येतं. मागच्या पत्राखाली सही केली नव्हती, ते मला दोन दिवस टोचत राहिलं. तेव्हा आधी सही मोजून घे: पिटुकली, पिटुकली.

साहेबांना सांगितलं. या खेपेला ते खुर्चीतून उठले नाहीत. मग म्हणाले, चारशे प्रती परत पाठवा. गटप्रमुखाचं नाव या वर्षी जाणार नाही हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण वीस तारखेची बैठक आहे, आणि मांडायचं मलाच आहे. मांडणार आहे, नव्या आकड्यांनी. त्यासाठी मला त्या चौदा वर्षांचा रोजचा ओलावा हवा. तो कुठे नोंदलेला असला तर जुने आकडे दुरुस्त होतील. नसला तर माझ्यापाशी खोडलेल्या रेघेशिवाय काही नाही.

आणि बाबांची काळजी करू नकोस. मी सगळा विचार केला आहे. अहवालात एक तळटीप टाकते: "तपासणीच्या पद्धतीतील बदलामुळे आधीच्या वर्षांचे आकडे सुधारून घेतले आहेत." पद्धत बदलली, बस. कुणाची, कधी, का, कुणाला पत्ता लागणार नाही. त्या चार ओळी काढल्या आहेत, बाबांना त्या माहीतच नव्हत्या, तेव्हा त्यांना काही कळायचा प्रश्नच येत नाही. तू फक्त नोंदी शोध.

पिटुकली


९ नोव्हेंबर

प्रिय पिटुकले,

नोंदी सापडल्या, आणि पंचाईतही झाली.

ओलाव्याची रजिस्टरं चौदाच्या चौदा जागेवर होती, ओव्हनमागच्या लोखंडी कपाटात. दादाचं ते कोरीव अक्षर तुला माहीत आहे. रोजचा ओलावा, रोजची तारीख, एक दिवस सुटलेला नाही. मोजायचा इमानेइतबारे आणि वापरायचा मात्र नाही! मी पाच दिवस बसून तुझ्यासाठी उतरवून घेत होते. सहाव्या दिवशी गुरुवार आहे हे विसरले.

मान वर केली तर समोर दादा, टोपी हातात. म्हणाला, माझी रजिस्टरं कशाला काढलीस? मी म्हटलं, धूळ झटकायला. टेबलावर चार पानं भरून वजाबाक्या! त्याने चष्मा लावला. एक पान पाहिलं. दुसरं पाहिलं. मग पेन्सिल घेऊन एक वजाबाकी स्वतः करून बघितली. मी पहिल्या महिन्यापासूनचं सगळं, त्या नळ्यांसकट, भडाभडा बोलून गेले. चहा आला तो तसाच राहिला. दारापाशी थांबून त्याने एवढंच विचारलं, "पिटुकलीला माहीत आहे?" मी मान हलवली. गेला.

आज तीन दिवस झाले. वहिनी म्हणते जेवतो, झोपतो, गोळ्या घेतो, बोलत नाही. मला भेटत नाही. दार वहिनी उघडते आणि आतून पेपराचा आवाज येतो, मुद्दाम पान उलटल्यासारखा. ज्याच्यासाठी सहा वर्षं गप्प राहिले तोच गप्प झाला आहे, आणि ते मला मुळीच झेपत नाहीये.

सगळे आकडे सोबत पाठवले आहेत. तुझी तळटीप ठेव तशीच. निदान तेवढं त्याच्यापर्यंत नको.

आत्या


११ नोव्हेंबर

चि. धाकटी आणि चि. पिटुकली यांस,

एकच पत्र, दोन प्रती. म्हणजे तुम्हा दोघींना एकमेकींना काही लपवायची सोय राहणार नाही.

तळटीप वाचली. आज धाकटीच्या घरी गेलो होतो, ती दळणाला गेली होती, पत्र टेबलावर उघडं होतं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. या घरात सध्या जो तो जे करू नये ते करतोय, मीही केलं.

आधी माझं. वरच्या कार्यालयाकडून पहिल्या वर्षी फॉर्म आला त्यात एकच रकाना होता: कोळशातील कार्बन, शेकडा. ओल्या कोळशातला की वाळवलेल्या, ते लिहिलं नव्हतं. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मी नवा साहेब होतो आणि नव्या साहेबाला सगळं येत असतं. दुसऱ्या वर्षी विचारायची लाज वाटली, कारण मग पहिल्या वर्षाचं काय? तिसऱ्या वर्षापासून प्रश्नच विसरलो. एवढीच गोष्ट आहे. यात कुणाची पद्धत नव्हती आणि पद्धतीत बदलही नव्हता.

धाकटे, मला छातीत नळ्या होत्या, मान्य. त्या पंधरा दिवसांत काढल्या. तू सहा वर्षं काढल्या नाहीस. मला माझ्या चुकीचं वाईट वाटलं नाही असं नाही, दोन दिवस घास गोड लागला नाही. पण त्याहून वाईट हे वाटलं, की माझी बहीण मला काचेचं भांडं समजत आली. तू हुशार आहेस. पहिल्या महिन्यात ओळखलंस ते मला चौदा वर्षांत दिसलं नाही. हे मी तुला तेव्हाच म्हटलं असतं, मला अभिमान वाटला असता. तेवढं सुख तू माझं घालवलंस. असो. गुरुवारी येईन. चहा गरम ठेव.

पिटुकले, आता तुझं. तू तेच करायला निघालीस जे तुझ्या आत्याने केलं, आणि तिच्यावर रागावून निघालीस! "पद्धतीतील बदल" खोड. तिथे लिही: प्रयोगशाळाप्रमुखाची चूक. चौदा वर्षं, पाण्याचं वजन वगळलं नाही. कुठून कुठपर्यंत तेही लिही. मी आयुष्यभर लोकांच्या घरात दिवे लागावेत म्हणून कोळसा तपासला, त्याची मला लाज नाही. नवा संच लागत असेल तर उभारा. पण त्यातून किती वायू निघणार हे खरं कळून उभारा, म्हाताऱ्याची अब्रू झाकायला केलेल्या आलेखावर नको.

तुम्ही दोघींनी माझ्यावर माया केलीत. ती मला पोचली. आता आकड्यांना मोकळं करा.

बाबा / दादा


२२ नोव्हेंबर

प्रिय बाबा, प्रिय आत्या,

दोन प्रती काढते आहे, आता आपल्या घरात तीच रीत.

बाबा, शब्द बदलला. लिहिताना रडले, तेही कळवते, कारण लपवायची बंदी आहे.

बैठक झाली. दुरुस्त केलेली रेघ मी पडद्यावर टाकली. वीस वर्षांची, कुठेही खाच नाही. गेल्या सहा वर्षांत वीज सातव्या हिश्शाने वर, वायूही सातव्या हिश्शाने वर, दोघी हात धरून. ज्यांना आधीचा आलेख ठाऊक होता त्यांचे चेहरे पडले. नव्या संचाची फाईल फेरमोजणीला परत गेली आहे. वायूंचा खरा आकडा धरून ती पुन्हा येईल, तेव्हा काय ते ठरेल. मला वाटलं होतं मला फार वाईट वाटेल. वाटलं, पण उभं राहवलं.

मग तळटीप वाचली, जशी तुम्ही सांगितली तशी. पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं, हे प्रयोगशाळाप्रमुख कोण? मी म्हटलं, माझे वडील. चूक दुरुस्त केली माझ्या आत्याने, सांगायची राहिली तीही तिच्याकडून, आणि न तपासता त्यावर रेघ ओढली मी. सभागृहात कुणीतरी हसलं. आत्या, तुलाही ऐकू आलं असतं इतक्या मोठ्याने.

तेवढ्यात मागच्या रांगेत एक बाई उभ्या राहिल्या. तुझ्या वयाच्या, हातात पिशवी. दुसऱ्या एका केंद्राच्या केमिस्ट. म्हणाल्या, "आमच्याकडेही वाळवलेल्याच नमुन्याचा आकडा जातो. फॉर्ममध्ये काही लिहिलेलं नसतं. हे चूक आहे का?" त्या खाली बसायच्या आत आणखी एकांनी हात वर केला. मग तिसऱ्यांनी. नुसती "पद्धत बदलली" असं मी वाचलं असतं, तर त्यांतलं कुणीही उठलं नसतं.

बाबा, एकूण सात प्रयोगशाळा आहेत. जुनी वर्षं कशी दुरुस्त करायची ते त्यांना कुणाला तरी विचारायचंय, आणि विचारायची त्यांना लाज वाटते. मी त्यांना तुमचा पत्ता दिला आहे.

तुमची,
पिटुकली